डब्यावरील सुन्नत



आपल्या मोहल्ल्यातील तरुण आता फजरनंतर व्यायामशाळेत जाऊ लागले आहेत. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, तेव्हा ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र व्यायामशाळेतून घरात आलेल्या एका डब्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

एका जुम्याला असाच एक तरुण प्रोटीन पावडरचा डबा घेऊन माझ्याकडे आला. डब्यावर खजूर, मध आणि कलौंजीचे चित्र होते, वर 'सुन्नत' हा शब्द ठळक छापला होता. महिनाभरात स्नायू भरतील, रक्तातील विषद्रव्ये निघून जातील, मधुमेहही हटेल, असे दावे होते. "मौलाना, नमाजनंतर याबद्दल दोन शब्द बोला ना. अब्बांनी तर हे सुरू करून साखरेच्या गोळ्याही बंद केल्या," तो म्हणाला. गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद केल्या, असे मी विचारले. तो जरा संकोचला. "तुमच्याच बयानावरून. कलौंजीत मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर शिफा आहे, असे तुम्ही सांगितले होते."

होय, मी सांगितले होते. हदीस बुखारीत आहे, सहीह आहे. परंतु इमाम खत्ताबी यांच्यासारख्या भाष्यकारांनी येथील 'प्रत्येक' या शब्दाचा अर्थ विशिष्ट प्रकृतीच्या विकारांपुरता घेतला आहे. हे मदरशात शिकूनही मी मिंबरवरून सांगितले नाही. ऐकणाऱ्याला अर्धी गोष्ट आवडते, सांगणाऱ्यालाही.

अशा दाव्यावर शंका घेणे म्हणजे ईमानाची कमतरता, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मदीनेतील खजुरीच्या बागांचा प्रसंग आठवून पाहा. लोक नर झाडाचा फुलोरा मादी झाडाला लावत होते. त्यावर प्रेषित (स.) यांनी आपले मत व्यक्त केले, लोकांनी ते काम सोडले आणि पीक घटले. तेव्हा ते आपले अनुमान होते, अशा ऐहिक गोष्टी तुम्ही अधिक जाणता, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ज्यांनी खजुरीचा प्रश्न अनुभवावर सोपवला, त्यांचे नाव आपण कोणत्या आधाराने डब्यावर छापतो?

हदीसच्या विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे एकच सवय लावली जाते. हे कोणी सांगितले? त्याने कोणाकडून ऐकले? तो भरवशाचा होता का? साखळीत एक कच्चा रावी निघाला तरी रिवायत दुबळी ठरते. पावडरची सनद मात्र 'माझ्या मित्राला फरक पडला' इथेच संपते. तो मित्र त्याच महिन्यात वजने उचलत होता, अंडी खात होता, वेळेवर झोपत होता. मग फरक कशाने पडला? अबू बक्र राझी यांनी हजार वर्षांपूर्वी काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, दोहोंत काय फरक पडतो हे पाहण्यासाठी. रक्त काढण्याविषयीचा त्यांचा निष्कर्ष आजचे वैद्यक स्वीकारत नाही, पण विचारण्याची रीत तीच आहे.

पावडर हराम नाही, निरुपयोगीही नाही. सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने रोज पुरतात. कसून व्यायाम करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. डाळ, दूध, मासळी यांतून बहुतेकांची गरज भागते. ज्याची भागत नाही त्याच्यासाठी पावडर हे सोयीचे अन्न आहे, इतकेच. राहिली विषद्रव्ये. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, तेही विनामूल्य. आणि मधुमेह बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे.

बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषित (स.) यांनी हात घातला आणि बोटांना आतली ओल लागली, तो प्रसंग आपण मुलांना सांगतो. फसवणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानले नाही. त्या व्यापाऱ्याने वर फक्त कोरडे धान्य ठेवले होते. आपण तर वर सुन्नत ठेवतो.

त्या तरुणाच्या वडिलांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. साखर बरीच वाढली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या जुम्याला मी मिंबरवरून माझे जुने बयान दुरुस्त केले. ते गृहस्थ सफेत बसले होते. सर्वांसमोर आपलीच गोष्ट निघाली असे त्यांना वाटले असावे. अजून ते माझ्याशी सलामापुरतेच बोलतात.