पहिली भवानी

मिरजेत रेल्वेचे एक निवृत्त गार्ड राहत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. नोकरीभर त्यांनी एकच हौस केली, जुन्या तबकड्या जमवायची. लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजणाऱ्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि दरवर्षी तिथे गवई त्यांच्या नावाने हजेरी लावतात. त्या मैफलींत लहानपणापासून बसलेल्या आप्पांना खाँसाहेबांची भैरवीची ओडियन तबकडी हवी होती. पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईचा चोरबाजार झाला, ती काही हाताला लागली नाही.

एका संध्याकाळी कॉलेजात शिकणारी नात फोन घेऊन आली. लिलावाच्या एका संकेतस्थळावर ती तबकडी दिसत होती, आणि तीही दोन विक्रेत्यांकडे.

पहिल्या विक्रेत्याच्या नावापुढे सहाशेच्या वर शेरे होते आणि बहुतेक सगळे चांगले. त्याने लिहिलं होतं, ‘एकदम नवी कोरी, शंभर टक्के ओरिजिनल, आवाज सुपर.’ दुसऱ्याच्या नावापुढे शून्य. खातं त्याच महिन्यात उघडलेलं, फोटो अंधुक. ‘बार्शी. आजोबांच्या ट्रंकेत मिळाली. सोबत आणखी एक आहे, सिनेमातल्या गाण्याची,’ एवढाच मजकूर.

“आप्पा, यात विचार कसला? सहाशे माणसं खोटं बोलतील का?” नात म्हणाली.

“सहाशे माणसांनी याच्याकडून काय घेतलं ते आधी बघ.”

तिने एकेक शेरा उघडला. मोबाइलची कव्हरं, किल्ल्यांच्या साखळ्या, चार्जरच्या वायरी. साठ-सत्तर रुपयांच्या वर काही नाही. गेल्या पंधरवड्यात मात्र त्याच खात्यावर एकदम वीसेक दुर्मीळ तबकड्या आल्या होत्या.

हे शेरे कुठून आले तेही सांगायला हवं. 1995 साली पिएर ओमिड्यार यांनी अमेरिकेत लिलावाचं एक संकेतस्थळ सुरू केलं, त्याचंच पुढे ईबे झालं. ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही अशी माणसं तिथे सौदे करणार होती. म्हणून 1996 साली त्यांनी सोय केली, की सौदा झाल्यावर दोघांनी एकमेकांबद्दल उघडपणे लिहावं. फार चांगली सोय आहे ती. पण शेरा झालेल्या सौद्याबद्दल असतो. साठ रुपयांचं कव्हर वेळेवर पाठवणारा माणूस तीन हजारांची तबकडी पाठवेलच, असं त्यात कुणीही लिहिलेलं नसतं. ठकवणारे आधी स्वस्तातले शेरे गोळा करतात आणि मग एकदाच मोठा हात मारतात, हे लिलावांत मुरलेली माणसं ओळखून असतात.

आप्पांनी दोघांनाही एकच निरोप लिहायला लावला. ‘तबकडीवर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठवा. मध्ये, लेबलाच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात कोरलेला आकडा कळवा. तबकडी उजेडासमोर तिरकी धरून कुठे चीर दिसते का तेही सांगा.’

सहाशेवाल्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. ‘साहेब, माल गॅरंटीड आहे. फोटो दिलेलाच आहे. गिऱ्हाईक खूप आहेत. आत्ता यूपीआयवर थेट पैसे टाका, लिलाव बंद करून तुम्हालाच देतो, पाचशे कमी करतो.’

बार्शीच्या मुलाचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. फोटोत वहीच्या कागदाची चिठ्ठी होती, तारीख पेनाने लिहिलेली. खाली मजकूर होता, ‘काका, आकडा नीट दिसत नव्हता, म्हणून खडूची पूड चोळून वाचला, फोटो जोडलाय. कडेला केसाएवढी एक रेघ आहे. ती चीर आहे की ओरखडा, मला कळत नाही. ग्रामोफोन नाही, त्यामुळे वाजते का ते माहीत नाही.’

आप्पांनी तो निरोप नातीकडून दोनदा वाचून घेतला. लाखेच्या तबकडीला कडेला चीर असली तर सुई दर फेऱ्याला तिच्यावरून जाते आणि टक् टक् ऐकू येतं. ज्याला तबकडी खपवायचीच आहे तो ती रेघ झाकतो. या मुलाने न सांगताही चाललं असतं, अंधुक फोटोत ती दिसतच नव्हती.

“पण शून्य शेरे आहेत, आप्पा. आमच्या सरांनी एक प्रयोग सांगितला होता. मिशिगन विद्यापीठातल्या पॉल रेझ्निक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर जुनी पोस्टकार्डं विकायला लावली. विक्रेता तोच, माल सारखाच. काही कार्डं त्याच्या जुन्या, नाव झालेल्या खात्यावरून विकली आणि काही नव्या, कोऱ्या खात्यांवरून. जुन्या खात्याला सरासरी 8.1 टक्के जास्त किंमत मिळाली.”

“म्हणजे माणूस तोच असूनही नव्या नावाला कमी पैसे.”

“हो.”

“मग ते कमी पैसे सोसूनच प्रत्येकाला सुरुवात करावी लागत असणार. आपण नव्याकडून घ्यायचं, पण डोळे उघडे ठेवून. त्याची ती सिनेमाच्या गाण्याची तबकडी कितीला आहे?”

तिची बोली दीडशेपासून होती आणि लिलाव दोन दिवसांत संपणार होता. भैरवीला अजून नऊ दिवस होते. गाणं आप्पांच्या संग्रहात आधीच होतं, तरी त्यांनी बोली लावली. दीडशे रुपये बुडाले असते तर त्यांना सोसणार होते. तबकडी एकशे ऐंशीला मिळाली. पैसे त्यांनी संकेतस्थळामार्फतच भरले, म्हणजे माल पोचल्याचं कळवेपर्यंत रक्कम मध्ये अडकून राहते.

चौथ्या दिवशी स्पीडपोस्टाने पार्सल आलं. वर्तमानपत्राच्या बोळ्यांत तबकडी सैल ठेवलेली. नातीने खोकं उचललं तसा आत खुळखुळ आवाज आला. तबकडीचे तीन तुकडे झाले होते.

“झालं,” नात म्हणाली.

“अजून काही झालेलं नाही,” आप्पा म्हणाले. “तुकड्यांचा फोटो काढ आणि त्याला पाठव. तक्रार लिहू नकोस, शिवी लिहू नकोस. नुसता फोटो.”

माझ्या मते या गोष्टीतली कसोटीची वेळ हीच. सगळं सुरळीत पार पडलं असतं तर त्या मुलाबद्दल आप्पांना फारसं काही कळलं नसतं. माल नीट पोचवायला पोस्ट नीट चालली तरी पुरतं. नुकसान झाल्यावर माणूस फोन उचलतो का, दोष कुणावर ढकलतो, पैशाचं काय करतो, यावरून त्याची पारख होते.

तासाभरात उत्तर आलं. ‘काका, चूक माझीच. मला वाटलं कागद पुरेल. पैसे परत करायला सांगितलेत, पोस्टाचा खर्चही माझ्याकडेच. भैरवी आता पाठवायची भीती वाटते. कशी बांधायची, सांगाल का?’

पैसे खरोखर परत आले. मग आप्पांनी त्याला फोनवर सांगितलं. तबकडीहून चार बोटं मोठे असे जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घे. तबकडी कागदी पाकिटात घालून बरोबर मधोमध ठेव, वरून दुसरा पुठ्ठा लाव आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मार, आत हलता कामा नये. कडा पुठ्ठ्याच्या बाहेर येऊ देऊ नकोस, मार बसतो तो कडेलाच. मग ते बबल रॅपमध्ये गुंडाळून एका खोक्यात, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात. दोन्हींच्या मधे सगळीकडून भरण हवं. शेवटी खोकं हलवून बघ. आवाज आला तर परत उघड.

त्या रात्री आप्पांनी मुलाच्या खात्यावरचा पहिला शेरा लिहायला घेतला.

“तुटल्याचं लिहू नका,” नात म्हणाली. “बिचाऱ्याची पहिलीच भवानी आहे.”

“जे झालं ते सगळं लिही. पुढचा गिऱ्हाईक तेवढ्यावरच विसंबणार आहे.”

शेरा असा गेला: ‘बांधणी चुकली, तबकडी तुटली. विक्रेत्याने लगेच चूक मान्य केली, पूर्ण पैसे परत केले. विचारलेलं सगळं खरं सांगतो, दोषही सांगतो. मी पुन्हा घेणार आहे.’

भैरवीसाठी आप्पांनी मनाशी तीन हजारांची हद्द घातली आणि तेवढीच बोली लावली. शेवटच्या दिवशी पुण्याचे एक संग्राहक मधे पडले आणि बोली चौतीसशेवर गेली. तुमचा शेरा वाचून उतरलो, असं त्यांनी नंतर आप्पांना कळवलं.

रात्री बार्शीहून फोन आला. “काका, तो सौदा मी रद्द करतो. तुम्ही तीन हजार द्या, तबकडी तुम्हालाच पाठवतो. तुम्ही नसता तर कुणी बोलीच लावली नसती.”

आप्पांना ती तबकडी किती हवी होती हे नातीला ठाऊक होतं. ते थोडा वेळ बोलले नाहीत.

“नको. बोली त्यांची मोठी, माल त्यांचा. त्यांनाच पाठव आणि मी सांगितलं तसं बांधून पाठव. आज माझ्यासाठी त्यांना फिरवलंस, तर उद्या कुणासाठी मला फिरवशील.”

तबकडी पुण्याला धड पोचली. मुलाच्या नावापुढे दुसरा शेरा पडला. त्या सहाशेवाल्याचं खातं महिन्याभरात बंद झालं. थेट पैसे पाठवलेल्या लोकांच्या तक्रारींवर संकेतस्थळाला काही करता आलं नाही, कारण त्यांचे पैसे संकेतस्थळाच्या हातातून गेलेच नव्हते.

तुमच्यासमोर शून्य शेऱ्यांचा विक्रेता आला तर नुसतं शून्य पाहून त्याला परतवू नका. त्याला मालातला दोष विचारा, पहिला सौदा बुडाला तरी सोसेल एवढाच करा आणि कितीही सूट देऊ केली तरी संकेतस्थळाबाहेर एक रुपयाही पाठवू नका. आणि सौदा पुरा झाल्यावर, चांगलं आणि वाईट दोन्ही घडलं असेल तर दोन्ही लिहा.