तारवाचा कणा व फासळ्या

अमेरिकेतील 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे देवमाशांच्या शिकारीचे शिडाचे तारू १८४१ साली पाण्यात उतरले. २००८ ते २०१३ या काळात मिस्टिक बंदरी त्याच्या कुजक्या फासळ्या व फळ्या काढून नव्या बसविल्या. मूळ कणा मात्र शाबूत निघाला. खारे पाणी लाकडास राखते. सांध्यांत मुरलेले पावसाचे गोडे पाणी ते कुजविते. आमच्या मंडळ्यांचेही तसेच आहे. छळाने त्या मोडल्या नाहीत. मनात मुरलेल्या अढीने मोडतात. कुजक्या लाकडावर रंग चढवून काय लाभ? म्हणून प्रभुभोजनास येण्यापूर्वी, ज्या भावाशी अबोला आहे त्याच्या दारी आपण जाऊ या. ख्रिस्त हा आपला कणा; तो ढळत नाही. सुतारही तोच आहे. कुजलेले ते त्याला काढू देऊ या. आमेन.