प्रशिक्षण आवडले, पण टिकले का?

प्रशिक्षण वर्गाच्या शेवटी अभिप्रायाचा कागद फिरतो. व्याख्याते कसे वाटले, विषय समजला का, चहा-जेवणाची सोय कशी होती, यांना एक ते पाच गुण द्यायचे असतात. घरी जायच्या घाईत बहुतेक जण चार-पाचवर खुणा करतात आणि त्यावर वर्ग यशस्वी ठरतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: सहभागींना काय वाटले, ते काय शिकले, कामात काय बदलले आणि त्याचा परिणाम काय झाला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मजल पहिल्या पायरीपुढे जातच नाही. हा नुसता आळस असता तर एक वेळ चालले असते. पण पहिली पायरी पुष्कळदा चुकीची वाट दाखवते, कारण शिकताना जे सोपे आणि सुखाचे वाटते ते टिकतेच असे नाही. अनेकदा नेमके उलटे घडते.

याचा एक ठोस पुरावा ब्रिटनच्या टपाल खात्यातला आहे. पत्रांची वर्गवारी यंत्राने करायची म्हणून तिथल्या पोस्टमनना टंकलेखन शिकवायचे होते. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. एका गटाला रोज एकच तास सराव दिला, दुसऱ्याला दिवसातून दोनदा दोन-दोन तास. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रोज एक तास बसणाऱ्यांना कळफलक अंगवळणी पडायला सुमारे ३५ तास लागले आणि चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. तरीही आपल्या प्रशिक्षणावर सर्वांत नाराज होता तो एक तासवालाच गट. दिवस जास्त लागत होते, म्हणून आपण मागे पडलो असे त्यांना वाटत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगातही हीच तऱ्हा दिसते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला चांगले आठवेल अशी जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. पुन्हा वाचलेला मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपण ज्ञान समजतो. आठवण्यासाठी लागलेली धडपड मात्र आठवण पक्की करते.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना, लिपिकांना, बँक कर्मचाऱ्यांना परिचयाचे उदाहरण म्हणजे निवडणुकीचे प्रशिक्षण. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी केंद्राध्यक्षाने मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचे असते. निदान ५० मते टाकायची, ‘क्लोज’ दाबायचे, ‘रिझल्ट’ दाखवायचा, तो व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघायचा, ‘क्लिअर’ करायचे, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. एवढ्यात ‘क्लिअर’ राहिले, तर खोटी मते खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीच्या वेळी ते यंत्र बाजूला ठेवावे लागते. हा क्रम समजायला अजिबात अवघड नाही. पडद्यावर दाखवला की सभागृहातला प्रत्येक जण मान डोलावतो, आणि ती मान प्रामाणिक असते. पण पहाटे साडेपाचला, समोर प्रतिनिधी बसलेले असताना, हाताला तो क्रम सुचणे ही वेगळी गोष्ट आहे. निवडणूक आयोगही प्रत्यक्ष हाताळणीवर भर देतो, तो याचसाठी. व्याख्यान निम्म्यावर आणावे, उरलेल्या वेळात प्रत्येकाने पुस्तिका मिटून पूर्ण क्रम स्वतः करावा आणि आठवड्याने पुन्हा करावा. दुसऱ्या खेपेला कोणी हरकत घेतली किंवा यंत्र बंद पडले, असे प्रसंग मुद्दाम घालावेत.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. दुर्गम तालुक्यातून माणसे दोनदा बोलवायची तर प्रवास, भत्ता, बदली माणूस सगळेच वाढते. हा आक्षेप खरा आहे. पण दुसरी खेप सभागृहातच व्हावी असे कुठे आहे? दहा दिवसांनी फोनवर पाच प्रश्न पाठवता येतात, किंवा तालुक्याच्या कार्यालयात एक यंत्र ठेवता येते. दुसरा आक्षेप असा, की वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाची परीक्षा घेणे त्याला अपमानाचे वाटते. गुण वरिष्ठांकडे जाणार असतील तर वाटेलच, आणि वाटावेही. म्हणून या चाचणीचे गुण कुठेही नोंदवू नयेत. चूक झाली की तिथेच बरोबर उत्तर सांगावे आणि पुढे जावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: आपले शिक्षण आधीच पाठांतराने पोखरले आहे, त्यात नोकरीतही आठवण्यावर भर कशाला? पण घोकंपट्टीत तेच ते वाक्य पुन्हा ओठांवर येते. इथे प्रश्न असतो, ‘असे झाले तर तुम्ही काय कराल?’ वेळेला न आठवणाऱ्या ज्ञानाचा निर्णयाला उपयोग नाही. या आक्षेपाचा एक भाग मात्र मान्य करायलाच हवा. जिथे कामाच्या वेळी कागद बघायला सवड असते, तिथे पाठ करण्याची गरज नाही आणि बहुधा वर्गाचीही नाही. रजेचे नियम, देयकांचे नमुने यांसाठी टेबलावर एक नीट पान पुरते. असे वर्ग बंद केले, तर उरलेल्या मोजक्या विषयांच्या दुसऱ्या खेपेसाठी वेळ आणि पैसा तिथूनच मिळेल.

स्वतःच्या अभ्यासालाही हेच लागू आहे. ओळी पिवळ्या करत तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून अर्धे पान लिहावे, दोन दिवसांनी पुन्हा लिहावे. लिहिताना अडखळायला होते आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. तेव्हा पुन्हा वाचायला बसू नये. अडखळले ते लक्षात ठेवून तेवढेच उघडून बघावे.

प्रशिक्षणावर खर्च करणाऱ्या संस्थांनी निदान एक करावे. वर्गाची तारीख ठरवतानाच आठवडा-दोन आठवड्यांनंतरच्या चाचणीची तारीख ठरवावी. ती ठरवता येत नसेल, तर तो वर्ग घेऊ नये.