तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रिया

दुखणे 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार आपण स्त्रियांच्या बाबतीत बहुधा कौतुकाने वापरतो. तुळजापूरकडच्या माझ्या मावशीला पाळी जाऊन सात वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसू लागले. तिने ते सुनेलाही सांगितले नाही. दवाखान्यात नेले तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळ पसरला होता. १९९६ साली ती गेली.

तिचा उस्मानाबाद जिल्हा (आताचा धाराशिव) १९५६ पर्यंत आमच्या हैदराबाद राज्यात होता. पुढे या जिल्ह्याचे नाव मी एका वैद्यकीय संशोधनात वाचले. १९९९ साली तेथील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची नोंद सुरू झाली आणि खेड्यांचे ५२ गट चार भागांत वाटले गेले. एका भागात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांची तपासणी योजलेलीच नव्हती. त्या तुलनेसाठी होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी ज्या ३४,१२६ स्त्रियांच्या वाट्याला आली, त्यांच्यात या रोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या भागात ६४.

हे योग्य होते का? समर्थन असे की, त्या भागात तपासणीची सोयच नव्हती. तेव्हा 'प्रचलित व्यवस्था' मिळालेल्या स्त्रियांकडून काहीच काढून घेतले गेले नाही. शिवाय तुलनेवाचून, आयुष्यात एकदाच केलेली चाचणी खेड्यातही जीव वाचवते हे सिद्ध कसे होणार? हा युक्तिवाद पोकळ नाही. हा रोग विषाणूच्या संसर्गानंतर बहुधा पंधरा-वीस वर्षांनी प्रकट होतो. मधला काळ हाच त्याला अडवण्याचा काळ, आणि तो कसा साधावा हे कळणे निकडीचे होते. पण पेशींची तपासणी तर १९४० च्या दशकापासून जगाला ठाऊक होती. ज्यांच्या दारापर्यंत ती पोचली नाही, त्यांच्या न पोचण्यालाच 'व्यवस्था' म्हणायचे आणि मग तिच्याशी तुलना करायची, हे मला पूर्णपणे पटत नाही.

तरीही संशोधकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हात झटकावेत, इतके हे सोपे नाही. 'प्रचलित व्यवस्थेनुसार' हे शब्द मी स्वतः तीस वर्षे टिपणीत लिहीत आलो. ती शून्य व्यवस्था त्यांनी निर्माण केली नव्हती. ती आम्हा कचेरीतल्या माणसांची होती. आणि २००९ नंतर तर अज्ञानाची सबबही उरली नाही. २०१६ साली केंद्राने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची कार्यपद्धती आखून दिली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही तपासणी कधी झालेली आढळली नाही. म्हणजे चौथा भाग मोडला नाही, देशभर पसरला. फरक एवढाच, की आता त्याच्यापासून कोणी काही शिकत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा सहज पत्नीला विचारले, तुझी तपासणी कधी झाली होती? ती अठ्ठावन्न वर्षांची. म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" नातीच्या लशीची चौकशी मात्र तिने आधीच करून ठेवली होती. पत्नीच्या तपासणीसाठी आम्ही पुढल्या मंगळवारी जाणार आहोत.