आजारी नसताना आजारी

संघटना काढावी का, आणि वेळ आलीच तर संपावर जावं का, याशिवाय सध्या आम्हा वैमानिकांत दुसरा विषय नाही. आमच्या कंपनीत संघटना नाही. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्यापाशी मी अडतो.

आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. हे काही आपसूक झालं नाही. वैमानिकांच्या संघटना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं भांडल्या. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेले नियम पुढे ढकलले गेले, तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि २०२५ मध्ये ते दोन टप्प्यांत लागू झाले. वर्गणी त्यांनी भरली, वकील त्यांनी दिले, वरिष्ठांची नाराजी त्यांनी ओढवून घेतली. झोप मात्र मलाही मिळते. फुकटची ही झोप मला आता टोचते.

त्या झोपेची किंमत मला ठाऊक आहे. पहाटेचे साडेचार, रात्रीतलं दुसरं लँडिंग, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर. कंट्रोलरने दिलेली उंची को-पायलटने परत म्हणून दाखवायची असते. तो थांबतो, माझ्याकडे बघतो, “सर, सात हजार म्हणाले ना?” मीही ऐकलेलं असतं, पण खात्री देववत नाही. पुन्हा विचारून घेतो. मागे सगळे प्रवासी झोपलेले असतात.

पण मी भांडणार आहे तो याचसाठी का? आमच्या बैठका सुरक्षिततेवर सुरू होतात आणि दुसरा चहा येईपर्यंत भत्त्यांवर आलेल्या असतात. पगार मागण्यात गैर काहीच नाही. ‘पटत नसेल तर सोडा’ हे म्हणणं सोपं. पण कॅप्टनला नोकरी सोडायची तर नियमाने वर्षभराची नोटीस द्यावी लागते. म्हणून पगार मागावा, जोरात मागावा, पण पगार म्हणूनच मागावा. त्याच्यापुढे प्रवाशांचा जीव ढाल म्हणून धरू नये.

खरी अडचण पुढे आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये, संघटना उभारण्यात पुढे असलेल्या दोघांना जेट एअरवेजने काढलं तेव्हा शेकडो वैमानिक एकदम ‘आजारी’ पडले. २०१२ मध्ये एअर इंडियात ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावरून पेटलेल्या वादातही सुरुवात आजारपणानेच झाली. तो संप जवळजवळ दोन महिने चालला, संघटनेची मान्यता गेली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. आजारपण मात्र खरं नव्हतं.

आणि इथेच माझं मन मागे सरतं. ‘आज मी विमान चालवण्याच्या स्थितीत नाही’ हे वैमानिकाचं वाक्य विनाप्रश्न मानलं जावं, यावर आमच्या धंद्यातली सगळी सुरक्षितता उभी आहे. तेच वाक्य आपण हत्यार म्हणून वापरलं, तर उद्या खरोखर थकलेला एखादा को-पायलट फोन करील तेव्हा ड्यूटी लावणारा माणूस त्याच्यावर का विश्वास ठेवील? ज्या थकव्यासाठी भांडायचं, त्याचीच साक्ष आपण खोटी पाडू.

उघड संप महाग पडतो, हे मी जाणतो. किमान चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, तेवढ्यात न्यायालयाचा मनाई हुकूम येऊ शकतो, नावं सगळ्यांसमोर येतात. माझ्या घराचे हप्ते फिटलेत. शेजारच्या सीटवरच्या मुलाच्या प्रशिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढलंय, ते अजून डोक्यावर आहे. धोका दोघांचा सारखा नाही, तेव्हा नोटिशीवर पहिली नावं आम्हा जुन्यांची हवीत. विमानतळावर अडकणाऱ्या माणसालाही चौदा दिवस आधी कळेल. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. तो संप नव्हता, पण ऐनवेळी काही कळलं नाही की लोकांचं काय होतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

संघटनेच्या अर्जावर मी सही करणार आहे. संपाची वेळ आली तर नोटिशीवरही करीन. सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: आजारपणाच्या रजेचा निरोप मात्र माझ्याकडे पाठवू नका.