टंचाईतली चव आणि तिची साक्ष

निजामाच्या राजवटीत नांदेड-लातूर भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या आठवणींत दोन गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात. राज्य जुलमी होते, हे ते ठामपणे सांगतात. तेव्हाच्या भाकरीची चव पुढे कशालाच आली नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतात. यातून एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: ही गोडी कशाची साक्ष देते आणि तिचे श्रेय कोणाचे?

ते जेवण साधे होते. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कण्या, हुलग्याचे माडगे. गहू सणावारापुरता. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी केली की फुगायची. तिचा पापुद्रा उचलून आत करडईचे तेल आणि तिखट-मीठ भरायचे आणि ती तशीच गरम पोराच्या हातात द्यायची. याच भाकरीवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्ही आली. शेतकऱ्याला ठरलेले धान्य सरकारी भावाने घालावे लागे. राकेल, साखर, कापड यांची चणचण होती. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने निजामाविरुद्ध लढा पुकारला, तेव्हा करोडगिरी नाक्यांवरील हल्ले आणि शिंदीची झाडे तोडणे यांच्या जोडीला लेव्ही न देणे हाही त्या लढ्याचा भाग झाला, तो उगीच नव्हे. राज्य लोकांच्या कणगीपर्यंत पोचले होते.

न्यायशास्त्राची मांडणी इथे उपयोगी पडते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग केले आहेत. स्मृती केवळ संस्कारातून उपजते, म्हणून ती स्वतंत्र प्रमाण ठरत नाही. मूळ अनुभव खरा असेल तर ती यथार्थ, नसेल तर अयथार्थ. हा निकष लावला की गुंता बराच सुटतो. मुलाने जे खरोखर अनुभवले, त्यापुरतीच त्याची आठवण खरी. त्याने अनुभवली ती भूक, गरम घास आणि वाढणारा हात. आईने आपली अर्धी भाकरी मागे ठेवली होती का, हे त्याला दिसले नव्हते. लेव्हीचा हिशेबही त्याने पाहिला नव्हता. म्हणून गोडी यथार्थ आहे, पण ती चुलीविषयी आहे. तिच्यावरून राज्याला प्रशस्तिपत्र देता येत नाही.

हे मराठवाड्यापुरते नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी २०१३ च्या ग्रंथात एकत्र केल्या. त्यांतही स्वयंपाकघरातल्या गप्पा आणि दुकानांपुढच्या रांगा, प्रेम आणि भीती एकाच श्वासात येतात.

आणखी अवघड बाब १७ सप्टेंबर १९४८ ची आहे. भारतीय फौजांच्या पोलीस कारवाईनंतर निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आले. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीने गाव सोडून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी ती सुटका होती. याच काळात मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. त्यांची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्या घरांतील मुलांसाठी दस्तरखान उठला तो याच दिवसांत. दोन्ही आठवणी यथार्थ आहेत, कारण दोन्हींच्या मागे खरा अनुभव आहे. एकीने दुसरी खोटी ठरत नाही. एकच आठवण साऱ्या मुलखाची म्हणून सांगितली जाते तेव्हा मात्र अन्याय होतो.

राज्याची पारख मग कशाने करावी? तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू ब्रह्माच्या शोधात अन्नापासून निघून आनंदापर्यंत पोचतो. उपनिषद तिथेच थांबत नाही, पुन्हा अन्नाकडे वळते आणि व्रते सांगते: अन्नाची निंदा करू नये, अन्न वाढवावे, दारी आलेल्याला माघारी लावू नये. लातूर भागात वेळ अमावस्येला घरदार शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंड्यांचे जेवण वाटसरूलाही आग्रहाने वाढले जाते. शेवटचे व्रत इथे आजही जिवंत आहे. लेव्हीचे राज्य या कसोटीवर उतरत नाही.

पण मग गावही याच कसोटीवर घासून पाहावे लागते. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात पाथरूट समाजातील आपले बालपण मांडले. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते बालपण निजाम गेल्यानंतरचे आहे, तरी त्यात भूक आहे आणि ती कुठेही गोड झालेली नाही. त्या जमातीवर इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, पण तिला पंगतीबाहेर गावाने ठेवले. संकटातल्या भाकरीची गोडी आठवायलाही घरात भाकरी असावी लागते, आणि ती सगळ्यांच्या घरात नव्हती.