दुधातले पाणी आणि चषकातले पाणी



मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी धर्मगुरू चषकातील द्राक्षारसात थोडेसे पाणी घालतात, हे तुम्ही दर रविवारी पाहता. एरवी या बाबतीत ख्रिस्तसभेचा नियम कडक आहे. धर्मकायद्याच्या कलम ९२४ प्रमाणे भाकर केवळ गव्हाची व ताजी हवी, द्राक्षारस द्राक्षांचाच व न नासलेला हवा. रोमहून २००४ साली आलेल्या सूचनेत तर भाकरीत साखर, मध वा फळे मिसळण्यासही मनाई आहे. मग हे पाणी कशाला? ख्रिस्ताच्या दैवी जीवनात आपले मानवी जीवन मिळून जावे, याची ती खूण. मात्र संत थॉमस अक्वायनस बजावतात की पाणी थोडेच हवे. द्राक्षारसाचे द्राक्षारसपण हरवले तर साक्रामेंत होत नाही.

पाणी घातलेल्या द्राक्षारसाची तक्रार यशया संदेष्ट्याने पहिल्याच अध्यायात केली आहे, आणि लगेच तो लाचखाऊ सरदारांकडे व न्यायाला मुकलेल्या अनाथ-विधवांकडे वळतो. आमोसच्या काळचे व्यापारी तर गरिबांना गव्हाचे भूस विकत.

माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक दूधवाला मला म्हणाला, "फादर, थोडेसे पाणी सगळेच घालतात. कोणी मरत नाही." थोडेसे! पण पाणी घातले की लॅक्टोमीटर जास्त खोल बुडतो. मग तो वर आणायला साखर, मीठ, कुठे कुठे युरियासुद्धा. एक खोटे झाकायला दुसरे. शिवाय ते पाणी विहिरीचे की डबक्याचे, हे बाळाला दूध पाजणाऱ्या आईला कसे कळावे? वेदीवरचे पाणी सर्वांसमक्ष घातले जाते; हे पहाटे, दार लावून.

हे सर्व मी त्याला सुनावले, जरा जास्तच. तो शांतपणे म्हणाला, "मागच्या आठवड्यात सणाच्या खिरीचे दूध ठरवताना लिटरमागे दोन रुपये कोणी पाडले?"

कमिटीच्या त्या बैठकीत मीही होतो. पेंडीचा भाव काय चालला आहे, हे आमच्यापैकी एकानेही त्याला विचारले नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही आधीच विचारले, पाणी न घालता किती भावाने परवडेल? त्याने सांगितलेला आकडा ऐकून कमिटीतील दोघे नाराज झाले. तेवढे पैसे आम्ही दिले.

आपला,
प्रमुख धर्मगुरू